घरच्या घरी थीम पार्टी: खाऊ, सजावट आणि फजिती (अनुभव धागा)

काल माळा आवरताना एक खोकं सापडलं. वर माझ्याच अक्षरात 'फेकू नये'. आत शनीचं कडं. पुठ्ठ्याचं, मध्ये भोक, वरून चंदेरी रंग. तो रंग आता हाताला लागतो. तिथेच फतकल मारून बसले आणि आवराआवर संपली.

7 वर्षं झाली. लेक 6 वर्षांची होणार होती आणि तिला वाढदिवसाला 'अवकाश' हवं होतं. नवरा म्हणाला, करायचं तर प्रमाणात करू. पृथ्वी 1 सेंटीमीटर, म्हणजे गुरू 11, शनी साडेनऊ. इथवर सगळे खूश. मग सूर्य? 109 सेंटीमीटर! दारातून आत येईना. अंतरंही प्रमाणात ठेवायचा विचार होता साहेबांचा, पण त्या हिशेबाने पृथ्वी सूर्यापासून 117 मीटर लांब टांगायला लागली असती, आणि गुरू तर दुसऱ्याच कुणाच्या तरी घरात. शेवटी सूर्याचा पाव तुकडा भिंतीच्या कोपऱ्यातून डोकावता ठेवला. अख्ख्या पार्टीत तेवढीच गोष्ट मनासारखी जमली.

ग्रह फुग्यांवर केले. वर्तमानपत्राचे कपटे, मैद्याची खळ, एकावर एक 3 थर. पहिला थर नीट वाळायच्या आत दुसरा चढवला, आणि वर घाई करून गुरूचा फुगा आतून फोडला. गुरू एका बाजूने आत बसला. रडू यायचं बाकी होतं. मग त्याच खड्ड्यावर लाल रंग फासला. आलेला प्रत्येक पालक म्हणाला, 'अरे वा, लाल डागसुद्धा दाखवलाय!'

खाण्यात निळी जेली होती, आत ताज्या अननसाचे तुकडे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पाण्यासारखी. ग्लासात ओतून 'नेपच्यूनचा समुद्र' म्हणून दिली. पोरं प्यायली बिचारी.

तुमचंही लिहा. जमलेलं लिहिलं तरी चालेल, पण फसलेलं आधी.

रिकामी_बरणी
ताजा अननस!! अगं तो जेलीचा वैरी आहे. त्यात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, ते जिलेटीनमधली प्रथिनं कापत बसतं. कितीही तास ठेव, लागणार नाही. किवी आणि कच्च्या पपईचंही तेच. डब्यातला अननस चालतो, कारण तो तापवलेला असतो. ताजाच हवा असेल तर आधी चांगला उकळून घे, नाहीतर सरळ अगर-अगर वापर. ते समुद्री शेवाळाचं, त्यावर या विकराची मात्रा चालत नाही. शिवाय फ्रिजबाहेरही टिकतं.
हे शहाणपण 3 पातेली जेली ओतून दिल्यावर आलंय.

उलटा_चष्मा
ग्रह 8 केले की 9?

धागाकर्ती
@रिकामी_बरणी, 7 वर्षं मी फ्रिजला शिव्या घालतेय!
@उलटा_चष्मा, 9. सासरे ऐकेनात. 2006 साली प्लूटोला बटुग्रह केलं हे त्यांना मान्यच नाही, 'आम्हाला 9 शिकवलेत' म्हणाले. प्रमाणात तो 2 मिलिमीटर निघाला, म्हणून मोहरीचा दाणा चिकटवला. पार्टीच्या सकाळी झाडताना गेला. त्यांना अजून सांगितलेलं नाही.

शिळा_पाव
हसून हसून पुरेवाट. मोहरी!!
आमच्याकडे भुताटकी होती. काळं क्रीम. पांढऱ्या क्रीममध्ये काळा रंग घातला तर राखाडी. अजून घातला, अजून राखाडी. अख्खी बाटली रिकामी केली. सकाळी बघते तर डांबर. तो रंग रात्रभर मुरून गडद होतो हे कोण सांगणार. 14 पोरं, सगळ्यांचे दात, जिभा, ओठ काळे. ग्रुप फोटोत एकही जण तोंड उघडून हसलेला नाही, म्हणजे हसले होते, मीच तो फोटो लपवलाय. आता आधी भरपूर कोको घालून तपकिरी करते आणि मग काळा रंग. चिमूटभर पुरतो.

पायरीवरची
वाचतेय. कुकर झाला की लिहिते.

निम्मा_कप
आमचं जंगल होतं. 60 फुगे, हिरवे नि पिवळे, छतापासून खाली वेलीसारखे सोडलेले. माझा भाऊ आणि मी रात्री 1 वाजेपर्यंत तोंडाने फुगवत होतो, गाल दुखून दुसऱ्या दिवशी बोलता येईना. तर खाऊमध्ये माकडांची फळं म्हणून संत्री ठेवली. पोरांनी सोलली, हात बरबटलेले, तेच हात फुग्यांना. फट्. फट्. मला वाटलं कोणीतरी टाचणी घेऊन फिरतंय. एका मुलाला मी चक्क बाजूला घेऊन खिसे दाखव म्हटलं. त्याचा चेहरा अजून आठवतो.
दोषी होती संत्र्याची साल. तिच्या तेलात लिमोनिन असतं, ते रबर विरघळवतं. नंतर कळलं. त्या मुलाची आई आता माझी चांगली मैत्रीण आहे, पण ती गोष्ट आम्ही दोघी काढत नाही.

उलटा_चष्मा
लगेच करून बघितलं. साल फुग्यावर पिळली, 2 सेकंदांत फुटला. बायको विचारतेय काय चाललंय.

कात्रीवाला
या असल्या धाग्यांत आमच्यासारख्यांची बाजू कोणी मांडत नाही म्हणून लिहितो. बायको कल्पना काढते, मी कापतो. समुद्राच्या पार्टीला दीड दिवस फक्त खवले कापत होतो. माशाला किती खवले असतात हे विचारून मग कामाला बसावं. क्रेप कागदाच्या निळ्या झिरमिळ्या सोडल्या होत्या, लाटा म्हणून. कोणीतरी सरबत सांडलं, त्यात त्यांची टोकं बुडाली, क्रेपने रंग सोडला आणि पांढरी चादर निळी. बायको म्हणाली, 'बघ, आता जास्त समुद्र वाटतोय.' चादर कोणाच्या माहेरची होती ते लिहीत नाही.

डावा_हात
@कात्रीवाला, तुम्ही निदान कापू तरी शकता. मी डावखुरी. नेहमीच्या कात्रीची पाती उजव्या हातासाठी एकावर एक बसवलेली असतात. डाव्या हाताने धरलं की पाती दाबली जाण्याऐवजी फाकतात, आणि कुठे कापतोय ती रेघच पात्याआड जाते. शाळेत हस्तकलेत कायम कमी मार्क, 'लक्ष नाही'. 34 व्या वर्षी डावखुऱ्यांची कात्री हातात आली आणि मी गोल कापला. गोल! तसाच घेऊन बसले होते कितीतरी वेळ.

कात्रीवाला
अरे बापरे. आमची धाकटीही डावखुरी आहे आणि मी तिला 'नीट धर' म्हणत असतो. आजच आणतो.

डावा_हात
आणा. आणि सॉरी म्हणा तिला :)

पायरीवरची
कुकर झाला. माझं जरा वेगळं आहे.
लेकाची डायनासोर पार्टी. 40 बिस्किटं केली, प्रत्येकावर वेगळा डायनासोर, साखरेच्या आयसिंगची बाह्यरेषा, आत भरलेला रंग. बाह्यरेषा घट्ट आणि भरण पातळ असावं लागतं, नाहीतर शेपटी वाहून पोटात जाते. 3 रात्री गेल्या. आदल्या दिवशी शाळेत तापाची साथ सुरू झाली, एकेक करून निरोप येत गेले. 2 मुलं आली. एकाने दारातूनच सांगितलं की तो उडणारा डायनासोर नसतोच, तो वेगळा सरपटणारा प्राणी. खरं आहे त्याचं. मग लेक आणि तो अर्धा तास बिस्किटांची वाटणी करत बसले, डायनासोर या ताटात आणि 'नसलेले' त्या ताटात. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडले. बाहेर आले तर दोघं पोट धरून हसत होते.
बिस्किटं 3 आठवडे डब्यात. नवरा ऑफिसला न्यायचा.

रिकामी_बरणी
अगं. जवळ असतीस तर मिठी मारली असती.

शिळा_पाव
नळ सोडून रडणं +१. सगळ्यात उपयुक्त घरगुती उपाय.

पायरीवरची
हो ना. तो उडणारा मित्र आता 16 चा आहे, अजून येतो आमच्याकडे. अजून चुका काढतो.

तयारच_घ्या
रागावू नका, पण एवढं कशासाठी? मी सगळं विकत आणते आणि पार्टीच्या दिवशी केस विंचरलेली असते. मुलांना आठवतं ते धावणं नि आरडाओरडा. खवले कोणी मोजत नाही.

कात्रीवाला
ताई, हे आमच्या घरी येऊन सांगाल का?

निम्मा_कप
@तयारच_घ्या, विकतचंही फसतं हो. बहिणीने हेलियमचे फुगे सोयीचं म्हणून आदल्या संध्याकाळीच आणून ठेवले. साधे रबरी. सकाळी सगळे जमिनीवर लोळत. हेलियमचे अणू इतके बारीक की रबरातून निसटत राहतात. चंदेरी फॉइलवाले टिकतात बरेच दिवस. रबरी त्याच दिवशी भरून घ्यायचे.

चमचाभर
पटकन एक. पांढरं चॉकलेट वितळवून त्यात पाण्यातला गुलाबी रंग घातला. एका सेकंदात त्याचा ओला सिमेंटचा गोळा. पाण्याचा थेंबही चालत नाही, तेलातला किंवा पावडरचा रंग लागतो. फेकू नका मात्र. गरम क्रीम घालून ढवळत राहा, सॉस होतो. आमच्या परीराणीच्या मुकुटाचा सॉस झाला आणि तो आइस्क्रीमवर संपला.
बाळ उठलं, बाय.

उलटा_चष्मा
मी 'वेड्या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा' केली होती. जांभळा कोबी उकळून ते पाणी काचेच्या भांड्यांत. लिंबू पिळलं की गुलाबी, खायचा सोडा टाकला की निळं-हिरवं. रंग बदलणारं सरबत द्यायची योजना. दिसायला इतकं देखणं की मीच टाळ्या वाजवल्या. वासाचा विचार केला नव्हता. एका मुलीने ग्लास नाकाशी नेला आणि फार सभ्यपणे म्हणाली, 'काका, मी हे बघूनच समाधानी आहे.'

डावा_हात
'बघूनच समाधानी'!! हे मी आता सगळीकडे वापरणार. नणंदेच्या प्रयोगांना तर नक्की.

शिळा_पाव
@उलटा_चष्मा, धूर नव्हता का? प्रयोगशाळेत धूर हवाच.

उलटा_चष्मा
कोरडा बर्फ आणायचा होता, मग माहिती वाचली आणि घाबरलो. उणे 78 अंश, हात लावला तर कातडीला इजा. घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवला तर बाटली फुटते, आणि बंद खोलीत त्याचा कार्बन डायऑक्साइड साठतो. 15 पोरं आणि मी एकटा. नको म्हटलं.

रिकामी_बरणी
शहाणा निर्णय. चमकीचंही सांगते. 'बिनविषारी' लिहिलेली चमकी म्हणजे खायची चमकी नव्हे. केकवर फक्त 'खाद्य' लिहिलेलीच. मी हस्तकलेच्या डब्यातली टाकणारच होते, जावेने हात धरला. मग ती सजावटीला वापरली. 4 वर्षं झाली, अजून सोफ्याच्या फटीत सापडते. मागच्या महिन्यात डॉक्टरकडे तपासायला गेले तर त्यांनी कपाळाकडे बघून विचारलं, काल लग्न होतं का?

पायरीवरची
बीटचा लाल केक कोणी केलाय का? माझा दरवेळी तपकिरी होतो.

रिकामी_बरणी
उष्णतेने जातो तो रंग, आणि सोडा जास्त पडला तर आणखीच. थोडं लिंबू घालून बघ. भडक लालची आशा मात्र सोड. मी बीट फक्त क्रीमला वापरते, तिथे भट्टी नाही.

पायरीवरची
बरं. मग केकचं नाव 'चिखल' ठेवते, पुढच्या वेळी डुकरांची थीम.

निम्मा_कप
@धागाकर्ती, कडं फेकलंस की ठेवलंस ते सांग.

धागाकर्ती
ठेवलं. लेकीला दाखवलं. आता 13 ची, कानात कायम काहीतरी घातलेलं. एक कान मोकळा करून बघितलं आणि म्हणाली, 'कड्यात फट कुठेय? शनीच्या कड्यांमध्ये फट असते, कॅसिनीची.' मी म्हटलं, तेव्हा मला शिव्या देणारं कोणी नव्हतं. माझ्या हातातून घेऊन काळ्या मार्करने बारीक गोल काढला आणि परत खोक्यात ठेवलं.

कात्रीवाला
कात्री मिळाली हो. धाकटीने आल्या आल्या माझी वर्तमानपत्राची पुरवणी कापली. न वाचलेली.

डावा_हात
गोल कापला का?

कात्रीवाला
गोल, चौकोन, आणि आमच्या पडद्याचा एक कोपरा.

शिळा_पाव
आणि गुरू? लाल डागवाला? तोही खोक्यात आहे का?

धागाकर्ती
गुरू उंदरांनी खाल्ला. मैद्याची खळ ना.