माळढोकाचं कृत्रिम रेतन: पेढे वाटायचे की कपाळाला हात लावायचा?

गवताळ:
१६ ऑक्टोबर २०२४ रोजी राजस्थानातल्या सुदासरी प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून माळढोकाचं पिल्लू जन्मलं. रामदेवरा केंद्रातल्या 'सुदा' नावाच्या नराला नकली मादीची सवय लावली, त्याचं वीर्य गोळा करून सुमारे २०० किमीवर सुदासरीला नेलं. २० सप्टेंबरला 'टोनी' मादीला रेतन केलं, २४ ला तिनं अंडं घातलं. त्यावर ओळखीच्या निसर्गप्रेमींचा सूर एकच: 'आधी माळरान वाचवा, मग हे चोचले करा.' मला हे पटत नाही. रानात दीडशेच्या आत पक्षी उरलेत आणि मादी एका खेपेला बहुधा एकच अंडं घालते. माळ सुधारेपर्यंत थांबायचं म्हटलं तर सुधारलेल्या माळावर सोडणार कोणाला?

कोरडवाहू:
आम्ही सोलापूरजवळच्या नान्नजकडचे. १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते तब्बल ८,४९६ चौ. किमीचं. गावंच्या गावं आत. जमिनीचा व्यवहार असो की विहीर, प्रत्येक कामाला परवानगीचं झेंगट. पुढे हद्द कमी करून १,२२२ चौ. किमीवर आणली, तोवर लोकांच्या मनातून पक्षी पार उतरला होता. आता एखादी मादी दिसली तरी पेपरात बातमी येते. ज्वारी-करडईच्या रानात हा पक्षी आमच्या आज्यापणज्याच्या काळापासून फिरायचा, कोणी त्याला हुसकावलं नाही. तेव्हा कुठलं वीर्य न् कुठली प्रयोगशाळा?

गोठ्यातला डॉक्टर:
जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं तांत्रिक. हे गाईला कांडी भरण्याइतकं, म्हणजे गोठवलेलं वीर्य सोडण्याइतकं, सोपं समजू नका. गाय माजावर आली की गोठ्यात कळतं, वळूचं वीर्य द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. पक्ष्यांचं वीर्य गोठवल्यावर तितकं नीट टिकत नाही. शिवाय वाघिणीत किंवा गेंड्याच्या मादीत निदान भ्रूण रोपणाचा विचार तरी करता येतो. इथे बलक, पांढरं, कवच सगळं मादीच्या अंगातच चढत जातं, मध्येच भ्रूण काढून दुसरीत ठेवायची सोय नाही. एक मात्र जमेची बाजू: पक्षिणीच्या अंडनलिकेत शुक्राणू काही दिवस जिवंत राहतात, त्यामुळे वेळेत थोडं इकडेतिकडे चालतं. खरा फायदा वेगळाच आहे. दोन केंद्रांतले पक्षी न हलवता, नातं नसलेले नर-मादी जुळवता येतात. मोजकेच पक्षी असताना ही लहान गोष्ट नाही.

तारवाला:
डॉक्टर, माहिती चांगली दिलीत, पण पिल्लं जगणार कुठे? भारतीय वन्यजीव संस्थेच्या २०१८ च्या अहवालात थर वाळवंटातल्या वीजवाहिन्यांना धडकून वर्षाला सुमारे १८ माळढोक मरतात असा अंदाज आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. त्यात मोठ्या नराचं वजन १५ किलोच्या आसपास, ऐनवेळी वळता येत नाही. आणि ज्या 'सुदा'ला नकली मादीची सवय लागते तो माणसाळलेला असतो, म्हणूनच लागते. असा पक्षी रानात सोडला तर कोल्ह्याला पळायला सांगावं लागेल का?

गवताळ:
@तारवाला, 'सुदा'ला सोडायचं कोण म्हणतंय? तो वीर्यदाता आहे, त्याची पिल्लं किंवा नातवंडं माणसांपासून दूर वाढवून सोडायची. अमेरिकेतल्या काळ्या पायाच्या फेरेटची, म्हणजे मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या शिकारी प्राण्याची, गोष्ट घ्या. १९८७ पर्यंत उरलेसुरले १८ पकडून पिंजऱ्यात आणले, १९९१ पासून परत सोडायला लागले. वीसेक वर्षं गोठवलेल्या वीर्यातूनही पिल्लं झाली. पकडलेच नसते तर आज एकही नसता.

तारवाला:
आणि त्यांना अजून प्लेगची लस टोचावी लागते, कारण त्यांचं मुख्य भक्ष्य असलेल्या प्रेअरी डॉगच्या (बिळात राहणाऱ्या, खारीच्या कुळातल्या प्राण्याच्या) वसाहतींत रोग ठाण मांडून बसलाय. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं निघालं.

सोलापुरी पाहुणा:
कोणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. या कामात तंत्राचं साह्य अबू धाबीच्या हुबारा संवर्धन निधीचं. हुबारा म्हणजे माळढोकाचाच नातलग पक्षी. तो वाढवण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही, पण अरबांना हुबारा हवा तो ससाणे सोडून त्याची शिकार करण्यासाठीसुद्धा! तंत्र चांगलं आहे, हेतू आपण आपला ठरवावा.

गोठ्यातला डॉक्टर:
केनियातल्या नाजिन आणि फातू या गेंड्याच्या माद्यांची तर याहून वाईट गत. २०१८ मध्ये शेवटचा नर सुदान गेला, उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्याच्या या दोनच माद्या उरल्या. आता त्यांच्यासाठी भाडोत्री मातेच्या गर्भाचा खटाटोप. माळढोकात निदान जिवंत नर आहेत तोवर हात घातलाय. उशीर म्हणाल तर आहेच.

कोरडवाहू:
ठीक, मानलं. उद्या ही पिल्लं नान्नजला आणायचं ठरलं तर ग्रामसभेला आधी विचारणार की पुन्हा नकाशावर रेघ मारून मोकळे? आमच्याकडे गवताच्या माळाला कागदावर 'पडीक' म्हणतात आणि त्यावर खड्डे खणून झाडं लावतात. झाडीत हा पक्षी राहत नाही, हे मी शाळेत न जाता सांगतो.

गवताळ:
खड्ड्यांवर एकमत. ग्रामसभेचं म्हणाल तर आधीच विचारायला हवं, आणि कुत्र्यांचा बंदोबस्त, गवत कापायची मुभा, पिकाची भरपाई हे लेखी. पण त्यासाठी सुदासरीचं काम थांबवा म्हणू नका.

कोरडवाहू:
थांबवा म्हणत नाही हो. आधी लेखी आणा म्हणतोय.