कलिंगडाची बैठक डिसेंबरात नको, ऑक्टोबरात घ्या

उन्हाळी पिकांसाठी डिसेंबरात शेतकऱ्यांसोबत बसून कोणी किती एकर काय लावायचं ते ठरवा, असा सल्ला दिला जातो. भेंडी-गवारीसाठी तो पटला. कलिंगडाला मात्र ती बैठक उशिराची ठरते. कलिंगडाला मोठी मागणी रमजानात असते, आणि रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2023 मध्ये तो मार्चअखेरीस सुरू झाला, 2026 मध्ये फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. रोप लावल्यापासून तोडणीला 70-80 दिवस, थंडीत त्याहून जास्त. म्हणजे लागवड नोव्हेंबरातच उरकायला हवी. एकराआधी तारीख ठरवा.

आणि थंडीत बी थेट टोकू नका, पारा पंधराच्या खाली गेला की उगवण रखडते. आमच्याकडे ट्रेमधली रोपं मल्चिंगवर (वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिक कागदावर) लावून वरून क्रॉप कव्हर, म्हणजे पातळ कापडी आच्छादन, घालतात. पाकळ्यांच्या मागे चिमुकल्या कलिंगडासारखी गाठ असलेली मादी फुलं दिसू लागली की ते कव्हर काढायचंच. नाहीतर मधमाश्या आत शिरत नाहीत, वेल माजतो आणि फळ धरत नाही. कव्हर कधी काढणार ते शेजारच्या शेतकऱ्यालाही आधी सांगून ठेवा, त्या दिवसांत त्याने सकाळची फवारणी टाळली पाहिजे.