मदत हवी आहे: जुना साडेचार फुटी लेथ, बेड घासून घ्यावा की आहे तसाच बसवावा?

नमस्कार मंडळी,

हिंगणा एमआयडीसीतलं एक लहान वर्कशॉप बंद झालं, तिथला साडेचार फुटी लेथ (धातूचा तुकडा फिरवून कापायचं मशीन) मी भंगाराच्या भावात उचलला. आता तो नागपुरात मानेवाड्याला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. कंपनीची पाटी कुठेच नाही. जाड बीडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, जुनं काम, सपाट पट्ट्यावर चालणारी तीन पायऱ्यांची कोन पुली, बॅकगिअर (वेग कमी करणारे गिअर), सुटे चेंजगिअर. स्पिंडल बॉलबेअरिंगवर नाही, गनमेटलच्या दुभंगलेल्या बुशात फिरतो. चक (जॉब पकडणारा भाग) आट्यांवर चढतो. बेड, म्हणजे ज्यावर बाकी भाग सरकतात तो लांब पाया, सपाट आहे, व्ही नाही.

मला यावर वाफेचं छोटं इंजिन करायचं आहे. मोतीबागचं नॅरोगेज संग्रहालय मुलीसोबत पाहिलं तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. माझी नोकरी हिशेबाची आहे. टर्निंग मी सुट्टीच्या दिवशी एका ओळखीच्या टर्नरकाकांकडे उभं राहून शिकलो, त्यामुळे मशीन चालवता येतं. मशीन उभं करायची माहिती मात्र तोकडी आहे.

टेलस्टॉकचा (चकासमोरच्या आधाराचा) बॅरल जाम होता, तो रॉकेल आणि डिझेल पाजून सुटला. चकचे जॉ अजून हलत नाहीत. बेडवर तपकिरी गंज आहे, खड्डे फारसे नाहीत. सरळ पट्टी ठेवून फीलर गेज घातला तर चकापुढच्या वीतभर भागात 0.10 मिमीची पत्ती सहज जाते. टेलस्टॉकच्या टोकाला काहीच जात नाही.

विचारायचं ते असं. एक, इथल्या दोघांनी सांगितलं की बेड ग्राइंडिंगला पाठव, नाहीतर मशीन फक्त शोभेला. खर्च मशीनच्या किमतीच्या वर जातो. खरंच गरज आहे का? दोन, आमच्याकडे जमीन काळी मातीची. पावसाळ्यात शेडची फरशी उचलते, मे महिन्यात भेगा पडतात. लेव्हल लावली तरी ती टिकणार कशी? तीन, सोबत आलेली मोटर एक एचपी थ्री फेज आहे, घरी सिंगल फेज. चार, गंज काढायला काय वापरू, आणि पुन्हा चढू नये म्हणून काय करू?

जाणकारांनी सांगावं. मला घाई नाही, पण काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

प्रतिसाद

भाऊ, टूलरूममध्ये आयुष्य गेलं, म्हणून हक्कानं सांगतो: बेडला सध्या हात लावू नका.

सपाट बेड झिजला की सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) खाली बसतो, म्हणजे टूल सेंटरच्या खाली जातं. जॉबच्या व्यासावर त्याचा परिणाम किती, ते मोजून पाहा. 40 मिमीच्या बारवर टूल 0.10 मिमी खाली गेलं तर व्यास अर्ध्या मायक्रॉननं वाढतो. 10 मिमीच्या बारवर धरा दोन मायक्रॉन. तुमच्या मायक्रोमीटरला ते दिसणारही नाही. पण तेच 0.10 टूल आडवं सरकलं, मागे किंवा पुढे, तर व्यासात थेट 0.20 चा फरक. म्हणून सपाट बेडमध्ये वरची झीज बघून घाबरायचं नाही, बेडच्या कडा बघायच्या, ज्यांच्या आधारानं सॅडल सरळ चालतो. मॅग्नेटिक स्टँड बेडवर, डायल गेज सॅडलच्या बाजूला लावा, सॅडल हातानं पुढे-मागे ढकला. एकदा चकाजवळ, एकदा शेवटी. दोन्हीकडचा प्ले (ढील) लिहून ठेवा.

गिब पट्टी, म्हणजे सॅडलची ढील घालवणारी पट्टी, चकाजवळ घट्ट करायचा मोह होतो. करू नका. झिजलेल्या जागी नीट बसवलेली पट्टी न झिजलेल्या टोकाला जाम होते. शेवटच्या टोकाला सॅडल मोकळा चालेल इतकीच कसा, चकाजवळ थोडी ढील राहू द्या.

ग्राइंडिंगला पाठवणारे पुढची गोष्ट सांगत नाहीत. बेड घासला की सॅडल खाली येतो, सोबत ॲप्रन (सॅडलचा पुढचा लटकता भाग) येतो, आणि त्यातला हाफनट लीडस्क्रूला (सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूला) नीट धरत नाही. रॅक आणि पिनियनचंही तेच. मग सॅडलखाली टर्साइटची, म्हणजे सहज घसरणाऱ्या प्लास्टिकची, शीट चिकटवून तो पुन्हा वर आणावा लागतो, किंवा लीडस्क्रूचे ब्रॅकेट खाली घ्यावे लागतात. एका कामातून चार कामं निघतात. वाफेच्या इंजिनाचे लहान पिस्टन, फ्लायव्हील, ग्लँड हे सगळं याच बेडवर होतं.

बेडपेक्षा मला तुमच्या बुशांची काळजी जास्त आहे. चकाखाली लाकडी दांडा घालून वर उचला, डायल चकच्या बॅकप्लेटवर. 0.02 ते 0.05 असेल तर तसंच राहू द्या. जास्त असेल तर बुशच्या फटीत पत्त्या आहेत का पाहा, दोन्ही बाजूंच्या सारख्या काढा. मग तेल देऊन अर्धा तास रिकामं फिरवा आणि बुशवर तळहात ठेवा. कोमट चालतं. हात ठेववत नसेल तर लगेच ढील द्या. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) शेडमध्येच 45 डिग्री असतात, हिवाळ्यात कसलेली बुश तेव्हा पकडते.

धागाकर्ता

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. कडांचा मुद्दा कोणीच सांगितला नव्हता. आजच मोजलं: चकाजवळ 0.06, शेवटी 0.03. चकाखाली दांडा घालून 0.04 आलं. तेलाचे कप साफ केले, वाती कुजलेल्या आहेत, त्या बदलतो. आता फरशीचं काय करू? अचूक लेव्हल विकत घ्यावी का?

प्रतिसाद

0.06 आणि 0.03 म्हणजे फार छान हो. माझ्याकडे आलं असतं तर मीही तसंच चालवलं असतं.

आता काळी माती. हा खरा नागपूरचा प्रश्न आहे आणि बहुतेक लोक इथेच चुकीच्या गोष्टीमागे लागतात. लेथ लेव्हलमध्ये असणं गरजेचं नाही. बेडला पीळ नसणं गरजेचं आहे. जहाजावर लेथ चालतात, तिथे कोणती लेव्हल? आपण लेव्हल वापरतो ती पीळ शोधायला.

लेथचे चार पाय थेट फरशीला बोल्टनं आवळले तर फरशी हलली की बेड तिच्यासोबत पिळला जातो. त्यापेक्षा 100 किंवा 125 च्या चॅनलची जड बंद चौकट वेल्ड करून घ्या, मधे आडवे आणि तिरपे आधार द्या. लेथ त्या चौकटीला कायमचा बांधा, पत्त्या तिथेच घाला. चौकट फरशीवर तीन पायांवर उभी करा: दोन हेडस्टॉककडे (चकाच्या टोकाला), रुंद अंतरावर, आणि एक टेलस्टॉककडे मधोमध. तीन पायांवरची चौकट तिरकी होईल, पण पिळली जाणार नाही. हेडस्टॉककडचे पाय ऐसपैस ठेवा, वजन तिकडेच असतं. वेल्डिंगनंतर चौकटीचा वरचा भाग मशिनिंग करून घेता आला तर उत्तम, नाहीतर पत्त्यांनी भागतं.

महागडी लेव्हल घेऊ नका, जॉबच सांगेल. 40 मिमीचा बार चकमध्ये धरा, 200 ते 250 मिमी बाहेर, टेलस्टॉक लावायचा नाही. दोन टोकांना दोन कॉलर ठेवून मधला भाग खाली उतरवा. मग धारदार टूलनं, क्रॉसस्लाइड न हलवता, दोन्ही कॉलरवर अगदी हलका शेवटचा कट. मायक्रोमीटरनं मोजा. बाहेरची कॉलर मोठी आली तर टेलस्टॉककडच्या पुढच्या, म्हणजे तुम्ही उभे राहता त्या बाजूच्या पायाखाली पत्ती वाढवा. लहान आली तर मागच्या पायाखाली. प्रत्येक वेळी बोल्ट सारखे आवळूनच नवा कट घ्या. बोल्टचा आवळच पीळ देतो, हे ध्यानात ठेवा.

दुसरा प्रतिसाद

मोटरचं मी सांगतो. नेमप्लेटवर 230/415 व्होल्ट असे दोन्ही आकडे आणि आत सहा टोकं असतील तर डेल्टा जोडून सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हवर) चालवा. फक्त 415 आणि तीनच टोकं असतील तर आधी मोटर वाइंडरकडून उघडून घ्यावी लागेल. अर्थिंग पक्कं हवं, शेड पत्र्याचं आहे.

तुमचा चक आट्यांवर आहे, म्हणून दोन गोष्टी जपा. उलटं फिरवून कटिंग करायचं नाही, आणि व्हीएफडीमध्ये थांबण्याचा वेळ लांब ठेवायचा. मोटर झटक्यानं थांबली तर जड चक स्वतःच्या वेगानं आट्यांवरून उलगडून बाहेर येतो. बेडवर पडला तर बेड फुटतो, पायावर पडला तर पाय. कमी वेग हवा तर व्हीएफडी फार खाली नेऊ नका, मोटरचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. बॅकगिअर त्यासाठीच आहे.

गंजाला बेडवर पॉलिश पेपर नको, त्याचे कण बीडात रुतून बसतात आणि सॅडल खात राहतात. रॉकेल लावून ब्लेड आडवं धरून खरवडा, मग पितळी जाळी. चक पूर्ण खोलून, जॉचे आणि खाचांचे नंबर जुळवून ठेवून, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरवर लावा. चक निगेटिव्हला, साधं लोखंड पॉझिटिव्हला. स्टेनलेस कधीच नाही, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हे काम उघड्यावर करा, हायड्रोजन निघतो. हाफनट आणि बुश यात टाकू नका.

आणि भाऊ, शेडमध्ये कूलर लावून राहिले असाल तर त्याचं तोंड लेथकडे नको. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा मे महिन्यातच गंज चढवते, पावसाची वाट पाहत नाही. काम संपलं की बेडवर 68 नंबरचं तेल आणि वर तेल मुरवलेला सुती कपडा. प्लास्टिक झाकू नका, आत पाणी साचतं.

धागाकर्ता

मोटर उघडली, सहा टोकं आहेत. चॅनलसाठी उद्या इतवारीत लोहाओळीला जातो. काका, एकच शंका राहिली: तिरपे आधार दोन्ही लांब बाजूंना द्यायचे की मागे एकाच बाजूला दिले तरी चालतील? पुढे पाय ठेवायला जागा मोकळी हवी होती.

प्रतिसाद

पुढची बाजू मोकळी ठेवा. मागे तिरपे द्या आणि खालच्या चौकटीत, जमिनीलगत, एक पूर्ण फुली द्या. दोन्ही टोकांना 6 मिमीची पत्र्याची भिंत वेल्ड करा, पिळाला तीच जास्त अडवते. दोन कॉलरचे आकडे आले की टाका, मग पत्त्या ठरवू.