मदत हवी आहे : डावा नंबर नसलेली नोट, छपाईतली चूक की नंतर पुसलेला नंबर?

जुनीनोट :
नोट कागदी आहे, थोडी वापरलेली, मधोमध एक घडी. उजवा नंबर ठसठशीत आहे, डावा पूर्ण गायब. वॉटरमार्क आणि सुरक्षा धागा व्यवस्थित आहेत, त्यामुळे नोट खरी वाटते. विकणाऱ्याचं म्हणणं, नंबर छापायचा राहिला, म्हणून तो छपाईतली चूक असलेली नोट सांगून जास्त किंमत मागतोय. हाताशी १० पट भिंग, ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च आणि स्कॅनर आहे. नोटेला धक्का न लावता काय तपासता येईल?

भिंगवाले :
वॉटरमार्क आणि धाग्यावरून नोट खरी ठरते, चूक नव्हे. अशा फसवणुकीत नोट बहुतेक वेळा खरीच असते, तिच्यावरचं काहीतरी काढलेलं असतं.

कागदी नोटेवर साधारणपणे आधी ऑफसेटची म्हणजे सपाट छपाईची पार्श्वभूमी, मग इंटॅग्लिओची म्हणजे हाताला लागणारी उठावाची छपाई आणि शेवटी लेटरप्रेसने, म्हणजे शाई लावलेले उठावाचे आकडे कागदावर दाबून, नंबर येतो. म्हणजे नंबर राहिला असेल, तर त्याखालच्या पार्श्वभूमीच्या बारीक रेषा अखंड हव्यात. डाव्या जागेवरची एकेक रेष भिंगाखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघा. मध्येच ती फिकी, तुटक किंवा पसरट झाली असेल तर तिथे रबर, ब्लेड किंवा रसायन फिरलं आहे.

मग खोली अंधारी करा आणि साधा टॉर्च नोटेला जवळजवळ समांतर धरा. खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उभे राहतात आणि तेवढाच भाग लव आल्यासारखा दिसतो. प्रकाश चारही बाजूंनी फिरवा, एकाच दिशेने बघितलं तर निसटतं.

यूव्हीखाली नोटेचा कागद मंद, काळपट दिसायला हवा, कारण त्यात पांढरेपणा आणणारी चमकद्रव्यं नसतात. नंबराच्या जागी वेगळ्या छटेचा डाग किंवा भोवती कडा दिसली, तर द्रावण वापरलं असण्याची शक्यता मोठी. पण पूर्ण नोट निळसर-पांढरी चमकत असेल तर ती कपड्यांबरोबर साबणात धुतली गेली असेल, तो पुसल्याचा पुरावा नाही. मागची बाजू नक्की बघा. समोरून कौशल्याने मिटवलेला डाग मागे झिरपलेला सापडतो.

कोरा_कागद :
एक भर घालतो, कारण इथे बरेच जण फसतात. लेटरप्रेसचे आकडे कागदावर किंचित दाब सोडतात. ‘दाबाची खूण आहे, म्हणजे नंबर होता आणि पुसला’ हा निष्कर्ष घाईचा आहे. शाईच पोचली नाही, तर कोरे आकडेही तसेच दाबले जातात. उलट, आकडे आणि नोट यांच्यामध्ये कागदाचा तुकडा आला असेल, तर त्या तुकड्याच्या कडेशी छपाई सरळ रेषेत कापल्यासारखी थांबते. शाई कमी पडत गेली असेल, तर आकडे हळूहळू फिके होतात. म्हणून नुसती दाबाची खूण बघू नका, तिच्याबरोबर तंतूही बघा. दाब आहे, तंतू शांत आहेत आणि पार्श्वभूमी अखंड आहे, असं तिन्ही जुळलं तर चूक खरी असण्याकडे कल जातो.

ॲसिटोनचा थेंब टाकून ‘परीक्षा’ करू नका. त्याने पुरावाच नष्ट होतो.

जुनीनोट :
पाहिलं. दाबाची खूण अस्पष्ट आहे. रेषा अखंड आहेत, पण त्या जागी थोड्या फिक्या. यूव्हीखाली अंगठ्याच्या नखाएवढा फिका डाग आहे, मागेही त्याच जागी. १२०० डीपीआय स्कॅनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवला, तेव्हा दोन आकड्यांच्या पुसट कडा दिसल्या.

भिंगवाले :
मग हा नंबर रसायनाने काढलेला आहे. डाग दोन्ही बाजूंना एकाच जागी, रेषा तेवढ्यातच फिक्या आणि आकड्यांची शाई तंतूंमध्ये उरलेली. छापायचा राहिलेला नंबर मागे शाई ठेवत नाही. चुकीची नोट म्हणून जास्तीची किंमत देऊ नका. परत करण्याआधी दोन्ही बाजूंचे स्कॅन ठेवा. तोपर्यंत नोट पॉलिस्टरच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं पाकीट कालांतराने चिकट होतं.

आरसा :
चर्चा भरकटवतोय, पण माझ्या नोटेच्या मागे समोरच्या चित्राची उलटी प्रतिमा आहे. तिलाही हेच निकष?

कोरा_कागद :
नाही. कागद न येता यंत्र फिरलं, तर दाब देणाऱ्या सिलिंडरला शाई लागते आणि पुढच्या तावांच्या मागे ती उमटते. म्हणून प्रतिमा आरशातल्यासारखी उलटी हवी, आणि नोट उजेडासमोर धरली की समोरच्या चित्राशी तंतोतंत जुळायला हवी. ओली शाई थप्पीत लागली असेल तर प्रतिमा फिकी असते आणि सरकलेलीही असू शकते. ती चूक खरीच, पण किरकोळ. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते इंकजेटचं काम. चकचकीत काळे कण आणि आजूबाजूला तशीच बारीक धूळ दिसली तर टोनर. १० पट भिंगाला हे दोन्ही बहुतेक वेळा सापडतं. शंका राहिली तर २० पट वापरा आणि चेहऱ्याच्या बारीक रेषांपासून सुरुवात करा, कारण नक्कल तिथेच आधी उघडी पडते.