पात्राची कुंडली मांडून पात्र जिवंत होतं का?

गुजरीकर (धागाकर्ता)
कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ मध्ये आग लागायच्या आधी तिथं हौशी नाटकं नेमानं बघायचो. नव्या संहितांत एक गोष्ट फार खटकायची. पात्राबद्दल सगळं कळतं, पण पात्र काही करतच नाही. लेखकानं वहीत जन्मगाव, शिक्षण, लहानपणीचा धक्का लिहून ठेवलेला असतो आणि पहिल्या अंकात तो कुणाच्या तरी तोंडून ओततो. माझं ठाम मत आहे, ही कुंडली मांडूच नये. पात्राला काय हवंय आणि ते मिळवायला ते कुठवर जाईल, एवढ्यावर लिहायला बसावं. गुजरीत, म्हणजे आपल्या सराफ बाजारात, सोनं मोडायला आलेली बाई घ्या. बांगडी हातातून निघत नाही. ती साबण मागते, हात सोलवटला तरी ओढत राहते, की "ऱ्हाऊ दे, उद्या येतो" म्हणून पायरी उतरते? तिन्ही बायका वेगळ्या. शाळा कितवी, सासर कुठलं, काही सांगावं लागत नाही.

तालीमवाली
अजिबात पटलं नाही. यातली कुठली बाई साबण मागेल, हे ठरवणार कशावरून? बांगडी आईची असली तर हात वेगळा चालेल, नवऱ्यानं घेतलेली असली तर वेगळा. म्हणजे कुंडली आलीच की! ती प्रेक्षकाला ऐकवू नये, एवढं मान्य. पण लेखकालाच माहीत नसेल तर दुसऱ्या अंकात तीच बाई भलतंच वागते. तालमीत नटी विचारते, "मी आत्ता असं का करतो?" आणि उत्तर कुणाकडंच नसतं.

गंगावेस
गडकऱ्यांचं 'एकच प्याला' (१९१९) बघा. सुधाकरचं बालपण कुणाला आठवतं? कोर्टात अपमान, वकिलीची सनद जाते, आणि नेमका तेव्हाच तळीराम प्याला पुढं करतो. माणूस तिथं कळतो. मी धागाकर्त्याच्या बाजूनं.

तालीमवाली
सनद दुसऱ्या वकिलाचीही गेली असती, तो घरी जाऊन झोपला असता. सुधाकर मानी आहे म्हणून तो प्याला पटतो. हे गडकऱ्यांना आधीच ठाऊक होतं.

हलगी
बोलीबद्दल कुणीच बोलेना. आपल्याकडची म्हातारी "मी जातो" म्हणते. तिच्या तोंडी पुणेरी "येते हं" घातलं की बाकी सगळी मेहनत वाया. नुसतं "लई भारी" पेरूनही भागत नाही. हीच म्हातारी बँकेतल्या साहेबापुढं "जाते" म्हणायला लागते, तिथं ती खरी दिसते.

गुजरीकर
तालीमवाली, आईच्या बांगडीचा मुद्दा बिनतोड आहे. पण तो मला लिहिता लिहिता सापडायला हवा. आधीच ठरवलं की प्रत्येक प्रवेश त्या उत्तराचा दाखला होऊन बसतो आणि बाई मला कधी चकवतच नाही. ती ओढत राहिली, तर मग विचारीन बांगडी कुणाची.

तालीमवाली
मग पहिला खर्डा नटांच्या हातात देऊ नका. आमच्या तालमी नोकरी उरकून रात्री चालतात, तुम्हाला सापडेपर्यंत थांबणार कोण? दुसरा खर्डा आणा, बांगडी कुणाची ते ठरवून. साबण मागायचा का नाही, ते मी बघतो.