बिझनेसच्या अंडरग्रॅडसाठी कोणत्या स्टेट युनिव्हर्सिट्यांना अर्ज करावा? (न्यू जर्सी, एच-४)

मृद्गंध
नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरपासून बारावीत जाईल. तिला अकाउंटिंग किंवा फायनान्स करायचंय, अलीकडे बिझनेस अ‍ॅनालिटिक्सचाही विचार चाललाय. खाजगी कॉलेजांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही, म्हणून फक्त स्टेट युनिव्हर्सिट्या बघतोय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर आहे, पण ग्रीन कार्डची तारीख यायला अजून बराच अवकाश, त्यामुळे ती एच-४वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे.
आत्ताची यादी: रटगर्स, पेन स्टेट, मेरीलँड, मिशिगन, इंडियाना, इलिनॉय, पर्ड्यू, टेक्सास (ऑस्टिन), बर्कली, यूसीएलए, जॉर्जिया टेक. रँकिंग समोर ठेवून केलीय. एवढे निबंध तिच्याकडून धड होणार नाहीत हे मला दिसतंय. काय ठेवावं, काय काढावं? ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी जरूर लिहा.

सह्यवारा
मृद्गंध, यादी चांगली आहे, पण रँकिंगने एक गोष्ट झाकली जाते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक युनिव्हर्सिटीबद्दल आधी हे बघा की बिझनेस स्कूलची जागा बारावीनंतर थेट मिळते, की आधी युनिव्हर्सिटीत शिरायचं आणि वर्ष-दोन वर्षांनी बिझनेससाठी पुन्हा पात्र ठरायचं. दुसऱ्या प्रकारात मूल तिथे पोचतं, गणित-इकॉनॉमिक्स-अकाउंटिंगचे ठरलेले कोर्स करतं, आणि ग्रेड थोडे कमी पडले की फायनान्सऐवजी भलतंच मेजर घ्यावं लागतं. तोवर फी तर भरून झालेली असते.

पेन स्टेटचं उदाहरण घ्या. तिथल्या स्मील या बिझनेस स्कूलमध्ये मुलं आधी प्री-मेजर म्हणून येतात, मग ठरलेले कोर्स आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) पूर्ण करून मेजरमध्ये प्रवेश घेतात. म्हणून पेन स्टेट वाईट ठरत नाही, पण हे माहीत असून जायला हवं. रटगर्स, मेरीलँडचं स्मिथ, इलिनॉयचं गीज, मिशिगनचं रॉस इथे पहिल्या वर्षालाच बिझनेसमध्ये घेतात. बर्कलीचं हास पूर्वी दोन वर्षांनंतर निवड करायचं, पण २०२४च्या फॉलपासून तिथे चार वर्षांचा प्रोग्रॅम सुरू झालाय आणि बारावीची मुलं थेट अर्ज करतात. इंडियानाच्या केलीत थेट प्रवेश आहे, आणि तो हुकला तर पहिल्या वर्षानंतर पुन्हा अर्ज करायची सोय आहे. केली मला मनापासून आवडतं ते तिथल्या आय-कोअरमुळे. फायनान्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स हे विषय एकाच सेमिस्टरला एकत्र घ्यायचे आणि शेवटी टीमने एक मोठी केस सोडवायची. त्या सेमिस्टरला मुलांना दम खायला वेळ नसतो, पण धंदा एकसंध कसा चालतो ते तिथे कळतं.

यूसीएलए काढून टाका. तिथे अंडरग्रॅडला बिझनेसची डिग्रीच नाही. अँडरसन हे ग्रॅड स्कूल आहे, अंडरग्रॅडला बिझनेस इकॉनॉमिक्स मिळतं. तेच हवं असेल तर गोष्ट वेगळी.

ऑस्टिनबद्दल स्पष्टच लिहितो. कायद्याने तिथल्या पहिल्या वर्षाच्या ९० टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांना जातात. टेक्सासमधल्या ज्या मुलांना शाळेतल्या क्रमांकावर आपोआप प्रवेश मिळतो, त्यांनाही मॅककॉम्ब्सची (तिथल्या बिझनेस स्कूलची) खात्री नसते. बाहेरच्या मुलीसाठी ती लांब उडी आहे. एकच लांब उडी ठेवायची असेल तर मी मिशिगन ठेवेन. मात्र रॉसला नेहमीच्या अर्जाशिवाय वेगळा पोर्टफोलिओ लागतो, त्याला उन्हाळ्यातच वेळ द्या.

अबोली
सह्यवारा यांच्याशी सहमत. पण मृद्गंध, तुमच्या बाबतीत माझ्या मते एच-४चा प्रश्न सगळ्यात आधी येतो, त्याबद्दल सविस्तर लिहिते. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय.

एच-४वर मुलीला नोकरी करता येत नाही. कॅम्पसवरची नाही आणि पगारी इंटर्नशिपही नाही. इतर मेजरमध्ये हे एक वेळ निभावतं, बिझनेसमध्ये फार अडतं, कारण तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपमधूनच बऱ्याच कंपन्या पुढच्या नोकरीची ऑफर देतात. एफ-१वर (विद्यार्थी व्हिसा) कॅम्पसवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, एक शैक्षणिक वर्ष झालं की सीपीटीवर (शिकत असतानाची कामाची परवानगी) इंटर्नशिप करता येते आणि डिग्रीनंतर १२ महिने ओपीटी म्हणजे कामाची परवानगी मिळते. २१व्या वर्षी एच-४ तसंही संपतं. सीएसपीए या कायद्याने ग्रीन कार्डसाठी मुलांचं वय मोजताना आय-१४० प्रलंबित असतानाचे दिवस वजा होतात, पण तारीखच लांब असेल तर त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणजे एफ-१ कधी ना कधी करायचंच आहे. कधी करायचं, एवढंच ठरवायचं.

इथे इन-स्टेट (राज्यातल्या रहिवाशांसाठीच्या कमी) फीचा पेच येतो. एच-४वरच्या मुलांना बऱ्याच राज्यांत रहिवासी धरतात, एफ-१वर साधारणपणे धरत नाहीत. रटगर्ससारख्या आपल्या राज्यातल्या युनिव्हर्सिटीत हा फरक चार वर्षांत फार मोठा होतो. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक ठिकाणी रेसिडेन्सी ठरवणाऱ्या ऑफिसला ईमेल करा: 'मुलगी आज एच-४वर आहे, शिकत असताना एफ-१ झाली तर इन-स्टेट दर्जा राहतो का?' फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका, लेखी घ्या. आणि इमिग्रेशन वकिलाशी एकदा बसून सगळ्या तारखा मांडा. राज्याबाहेर जाणार असेल तर हा पेचच उरत नाही, फी आधीच आउट-ऑफ-स्टेट, मग एफ-१ लवकर केलेलं बरं.

आता मेजर. ओपीटीला आणखी २४ महिने मिळतात ते स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणित) यादीतल्या मेजरना. साधं अकाउंटिंग आणि फायनान्स त्या यादीत नाही. मॅनेजमेंट सायन्स, बिझनेस अ‍ॅनालिटिक्स असे काही मेजर आहेत, पण नावावर जाऊ नका. युनिव्हर्सिटीने त्या मेजरला कोणता सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) दिलाय ते बघायचं (मॅनेजमेंट सायन्सचा ५२.१३०१). एकाच नावाच्या मेजरला दोन ठिकाणी वेगळे कोड असू शकतात, आणि आय-२०वर (एफ-१साठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) छापलेला कोडच धरला जातो. लेकीच्या मनात अ‍ॅनालिटिक्स आहेच, तर फायनान्सबरोबर ते दुसरं मेजर घेता येतं का, हेही प्रत्येक ठिकाणी विचारा.

आणखी एक. एच-४ किंवा एफ-१वर फाफ्साची, म्हणजे केंद्र सरकारची, मदत मिळत नाही. युनिव्हर्सिट्यांच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यातला केंद्र सरकारच्या मदतीचा आकडा आपल्याला लागू नाही, तो वगळून बेरीज करा. बर्कलीला बाहेरच्यांसाठी नेहमीच्या फीवर वर्षाला ३४ हजार डॉलरपेक्षा जास्त जादा आकार आहे. मी तरी काढून टाकेन.

पिंपळपान
थोडक्यात तारखा: इंडियाना, इलिनॉय, पर्ड्यू, मेरीलँड, रटगर्स यांची अर्ली अ‍ॅक्शन (लवकर अर्ज करायची मुदत) १ नोव्हेंबरला असते. त्यात प्रवेश मिळाला तरी तिथेच जायचं बंधन नसतं, तेव्हा ती सोडू नका. जॉर्जिया टेक आणि पर्ड्यूला एसएटी किंवा एसीटी लागते. अकाउंटिंग घेऊन सीपीए (परवानाधारक अकाउंटंट) व्हायचं असेल तर डिग्रीचे साधारण १२० क्रेडिट पुरत नाहीत, अनेक राज्यांत १५० लागतात (काही राज्यं आता दुसरा मार्गही देतायत). एपीचे (शाळेतच करायच्या कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचे) क्रेडिट तिथे खूप उपयोगी पडतात, ते कुठे किती धरतात ते बघा.

मृद्गंध
सगळ्यांचे मनापासून आभार. अबोली, इंटर्नशिपचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नव्हता. काल रात्री लेकीबरोबर बसून यादी पुन्हा केली: रटगर्स, मेरीलँड, इंडियाना, इलिनॉय, पर्ड्यू, आणि लांब उडी म्हणून मिशिगन. पेन स्टेटबद्दल अजून ठरत नाहीये. रेसिडेन्सीचे ईमेल आजच पाठवते. रटगर्सबद्दल एक विचारायचं होतं: न्यू ब्रन्सविक आणि न्यूअर्क दोन्हीकडे बिझनेस आहे. दोन्हीकडे अर्ज करावा का?

अबोली
हो, दोन्ही टाका. बिझनेस स्कूल एकच आहे, पण प्रवेश कॅम्पसनुसार होतो. न्यू ब्रन्सविकला कॉलेजचं भरगच्च वातावरण आहे. न्यूअर्कहून ट्रेनने वीसेक मिनिटांत न्यूयॉर्क पेन स्टेशन, त्यामुळे सेमिस्टर चालू असतानाही मॅनहॅटनमध्ये इंटर्नशिप जमते, अर्थात तोवर एफ-१ झालेलं असेल तर. घरून जाऊन-येऊन करणार असेल तर राहण्याचा खर्चही वाचतो. पेन स्टेटचं म्हणाल तर आधी रटगर्सचं लेखी उत्तर येऊ द्या. एफ-१नंतरही इन-स्टेट राहणार असेल तर पेन स्टेटची गरज मला वाटत नाही.