त्रिशंकू लोकसभेत आघाडीची नोंदणी कुठे होते?

मिठमुंबरी:
आमच्याकडे नगरपरिषदेचा निकाल लागला की महिन्याभरात गट किंवा आघाडी जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवायची असते. सह्यांचे कागद घेऊन ओरोसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी, फेऱ्या सुरू होतात. नोंद झाली की गटनेत्याचा व्हिप, म्हणजे मतदानाचा आदेश, मोडणाऱ्याचं सदस्यत्व जाऊ शकतं. मग लोकसभेत कुणालाच बहुमताच्या २७२ जागा मिळाल्या नाहीत, तर निकालानंतर जमलेल्या आघाडीची नोंद कुणाकडे होते? राष्ट्रपती आधी कुणाला बोलावतात? पाठिंब्याच्या पत्रात काय असावं लागतं?

साखरीनाटे:
नोंद कुठेच होत नाही. नगरपरिषदेला १९८६ चा महाराष्ट्राचा सदस्य अनर्हता अधिनियम लागतो, त्यात आघाडीला जागा आहे. खासदारांना लागते राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आणि तिला फक्त पक्ष कळतो. भाजपची रालोआ असो, काँग्रेसची संपुआ असो, आघाडीचा म्हणून व्हिप नसतोच. प्रत्येक पक्ष आपापला काढतो.

म्हणून अख्खा पक्ष आघाडी सोडून गेला तर एकाही खासदाराची जागा जात नाही. २००८ मध्ये अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला, खासदारकी सगळ्यांची शाबूत राहिली. पक्षाने व्हिप काढून विरोधात मत द्यायला सांगितलं आणि एखाद्याने सरकारच्या बाजूने दिलं, तर मात्र तो अडकतो. पक्षाने १५ दिवसांत माफ केलं तरच सुटतो.

फुटायचं तर पक्षाचे एक तृतीयांश खासदार असणं २००३ पासून चालत नाही. पक्षाचं विलीनीकरण आणि त्याला दोन तृतीयांश खासदारांची संमती हवी. सातांचा पक्ष असेल तर पाच. अपक्षाने नुसता पाठिंबा द्यावा, निवडून आल्यावर पक्षात गेला की अपात्र. नगरपरिषदेच्या सवयीने लोक "अपक्ष आत घेतले" म्हणतात, लोकसभेत ते महागात पडेल.

खाडीपट्टा:
कुणाला बोलवायचं याचा क्रम राज्यघटनेत नाही. सरकारिया आयोगाने १९८८ मध्ये राज्यपालांसाठी एक क्रम सुचवला: निवडणुकीआधीची आघाडी, मग इतरांच्या पाठिंब्यावर दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग निकालानंतरची आघाडी ज्यात सगळे सरकारात सामील, आणि शेवटी काही आत, काही बाहेरून. राष्ट्रपतींवर तो बंधनकारक नाही, पण चर्चेत तोच वापरला जातो.

प्रत्यक्षात प्रत्येकाने वेगळं केलं. १९८९ ला काँग्रेस १९७ जागांसह मोठी होती, तिने दावा केला नाही, म्हणून १४३ वाल्या जनता दलाचे व्ही. पी. सिंग आले, भाजप आणि डाव्यांचा पाठिंबा बाहेरून. १९९६ ला राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मांनी १६१ जागांच्या भाजपला मोठा पक्ष म्हणून बोलावलं. वाजपेयींनी १६ मे रोजी शपथ घेतली आणि २८ मे रोजी मतदानाआधीच राजीनामा दिला. त्यानंतर १९९८ ला राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी आधी मित्रपक्षांची लेखी पत्रं मागितली. अण्णाद्रमुकचं पत्र येईपर्यंत वाजपेयींना थांबावं लागलं.

पत्राचा ठरलेला नमुना नाही. संसदीय पक्षाच्या नेत्याची किंवा पक्षाध्यक्षांची सही, खासदारांची संख्या, आणि पाठिंबा कुणाच्या नेतृत्वाला, हे स्पष्ट हवं. "विरोध करणार नाही" आणि "पाठिंबा देतो" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तटस्थ राहणाऱ्यांमुळे आकडा खाली येतो. अध्यक्ष सोडून ५४२ जण मत देत असतील तर २७२ लागतात. १२ जण तटस्थ राहिले तर ५३०, आणि २६६ पुरतात. १७ एप्रिल १९९९ ला २६९ विरुद्ध २७० असं वाजपेयींचं सरकार पडलं, तेव्हा एकेका गैरहजेरीची किंमत दिसली.

देवगडी:
खात्यांबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि आपल्या कोकणाशी त्याचाच संबंध जास्त. ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांवर थांबवलं, म्हणजे पंतप्रधान धरून ८१. त्यातला मित्रपक्षाचा वाटा हा पक्षाचा असतो, व्यक्तीचा नाही. ऑगस्ट २००२ मध्ये राजापूरचे सुरेश प्रभू ऊर्जा खात्यातून गेले आणि रत्नागिरीचे अनंत गीते त्याच खात्यावर आले. दोघेही शिवसेनेचे. निर्णय शिवसेनेचा होता. वीज विधेयक प्रभूंच्या काळात मांडलं गेलं आणि २००३ मध्ये गीते मंत्री असताना मंजूर झालं. तयारी करणारा माणूस मधेच बदलतो, हा आघाडीचा खरा तोटा मला वाटतो.

उलट बाजू कोकण रेल्वेची. १९८९ च्या सरकारात मधु दंडवते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. त्यांनी जुलै १९९० मध्ये वेगळं महामंडळ उभं केलं: केंद्र ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकीचा पैसा रोख्यांतून. नोव्हेंबरमध्ये सरकार गेलं, महामंडळ राहिलं, आणि २६ जानेवारी १९९८ ला मार्ग पूर्ण खुला झाला. किमान समान कार्यक्रमात, म्हणजे मित्रपक्षांनी मिळून ठरवलेल्या कामांच्या यादीत, नुसती ओळ लिहिली असती तर ती सरकारबरोबर गेली असती. कंपनीत चार राज्यांचं भागभांडवल अडकल्यावर पुढच्या सरकारला ती गुंडाळणं अवघड होतं.

मिठमुंबरी:
म्हणजे नोंदणी आघाडीची नाही, कामाची करून घ्यायची. हे पटलं. एकच राहिलं: पाठिंबा काढल्याचं पत्र राष्ट्रपतींकडे गेलं की सरकार लगेच पडतं का?

साखरीनाटे:
नाही. राष्ट्रपती पंतप्रधानांना बहुमत सिद्ध करायला सांगू शकतात, आणि निकाल सभागृहात लागतो. २००८ ला डावे गेल्यावर २२ जुलैला मतदान झालं, सरकार २७५ विरुद्ध २५६ ने टिकलं. हरलं असतं तरी नवी व्यवस्था होईपर्यंत तेच काळजीवाहू राहिलं असतं. १९९९ ला एप्रिलमध्ये पडलेलं सरकार निवडणूक होऊन ऑक्टोबरपर्यंत कारभार पाहत होतं.